अठ्ठेचाळीस खणांचं कपाट : शाळेतले मोबाइल जमा करण्याच्या कामाच्या नोंदी

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, बीड जिल्हा. पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा. मी आठवी ते दहावीला गणित शिकवतो. आसपासच्या दोघा-तिघा मास्तरांनी आमच्या कपाटाचे फोटो मागितले. नुसत्या फोटोवरून बनवाल तर माझ्यासारखेच पैसे घालवाल, म्हणून वहीतलं उतरवून देतोय. वहीतल्या शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत, आणि तारखेखाली पुढच्या दिवसांचंही जोडलंय.

२३ जून २०२५, सोमवार

शाळा उघडून आठवडा झाला. आज दहावीच्या वर्गात फळ्याकडे पाठ फिरवली तर मागच्या बाकावरची चार डोकी एका मांडीत घातलेली. क्रिकेटची रील चालू होती. मी कुणालाच काही बोललो नाही, कारण गेल्या वर्षी बोलून बसलोय.

गेल्या वर्षीची पद्धत सोपी होती. दिसला की घ्यायचा, हेडसरांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकायचा, महिनाभर द्यायचा नाही. तिसऱ्याच दिवशी एक बाप शेतातून तसाच चिखलाच्या पायानं आला. फोन पोराचा नव्हताच, त्याचा होता. फोन-पे त्यात, बँकेचं त्यात, खताच्या दुकानदाराचा नंबर त्यात. "सर, पोराला मारा, पण माजा फोन कामून धरलाव?" त्याचं बरोबर होतं. जप्तीचा धंदा त्या दिवशी बंद झाला. त्या जागी काय करायचं हे ठरवायला आम्ही वर्ष घालवलं.

यंदा ठरलं ते असं. आणू नका म्हणायचं नाही. आणा, पण सकाळी जमा करा, सुटताना न्या.

आधी चिठ्ठ्या घेतल्या. नाव न लिहिता एवढंच लिहा : फोन आणता का, आणि कशासाठी. आठवी ते दहावीच्या १३२ चिठ्ठ्या आल्या, ५७ जण आणतात. कारणं वाचताना मजा आली आणि मग आली नाही. सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण "गाडी हुकली तर घरी कळवायला". दुसरं, "सर लोक गृहपाठ ग्रुपवर टाकतात". गेमचं कबूल करणारे नऊ. एकानं लिहिलं होतं, "सगळे आणतात म्हणून."

(ही पाहणी जूनमध्ये केली ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. का, ते नोव्हेंबरच्या नोंदीत.)

३० जून

तालुक्याच्या बाजारातून भिंतीला टांगायचे कापडी कप्पे आणले, चपला ठेवायचे असतात ते. दोन नग, ७०० रुपये. प्रत्येक कप्प्यावर नंबर लिहिलेला कागद पारदर्शक चिकटपट्टीनं लावला. शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत संमतीपत्राचा मसुदा वाचून दाखवला, कुणी फारसं बोललं नाही. हेडसरांनी 'असर २०२४' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या अहवालातले आकडे सांगितले. ग्रामीण भागात १४ ते १६ वयाच्या १०० पैकी ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आठवड्याभरात समाजमाध्यमं पाहिली, ५७ टक्क्यांनी अभ्यासाचं काही केलं. मागून एक आजोबा म्हणाले, "आन् मास्तरलोकांचा आकडा?" सगळे हसले. मला ते तेव्हा विनोदच वाटलं होतं.

१ जुलै

पहिला दिवस. हा लक्षात ठेवण्यासारखा.

साडेदहाला परिपाठ. साडेदहालाच ५३ पोरं कप्प्यांपुढे उभी. नाव विचारा, नंबर शोधा, फोन ठेवा, वहीत लिहा. परिपाठ संपला, पहिला तास निम्मा संपला, रांग चालूच. २५ मिनिटं गेली. तरी म्हटलं पहिला दिवस आहे, चालायचंच.

खरी गंमत संध्याकाळी. पाचला सुटते शाळा. सरकारच्या मानव विकास योजनेतली मुलींची निळी बस ५ वाजून १० मिनिटांनी फाट्यावर येते आणि थांबत नाही, कारण तिला पुढची तीन गावं करायची असतात. कप्प्यांपुढे झुंबड, नंबरांचे कागद निम्मे गळालेले, "माजा काळ्या कव्हरचा" म्हणणारे सोळा जण. अकरा मुलींची बस गेली. सव्वापाचला पाऊस. शिपाईमामांनी कुठून तरी टेम्पो आणला, मराठीच्या मॅडम त्यांच्यासोबत बसून शेवटच्या वाडीपर्यंत गेल्या, रात्री आठला परतल्या. टेम्पोचे ६०० रुपये मी दिले. गाडी हुकली तर कळवायला म्हणून ज्या पोरी फोन आणतात, त्यांची गाडी आम्ही त्यांचा फोन घेऊन हुकवली.

रात्री तीन पालकांचे फोन आले. त्यांतले दोन बरे बोलले.

३ जुलै

दुरुस्ती. बसच्या मुलींसाठी एक कापडी कप्पा वेगळा काढला. तो शाळेच्या फाटकाजवळच्या खोलीत, आणि चार पन्नासलाच उघडायचा. शेवटचा तास दहा मिनिटं मोडतो, मोडू दे. बाकीच्यांना पाचनंतर.

सकाळची रांग वर्गनिहाय केली. वर्गाचा मॉनिटर वर्गातच एका डब्यात फोन गोळा करून आणतो. स्टीलचा पोह्याचा डबा, घरून आणला. २५ मिनिटांची ९ झाली.

८ जुलै

चिकटपट्टी दमट हवेत टिकत नाही. हे मी गणिताचा असून लक्षात यायला हवं होतं, विज्ञानाच्या सरांनी तर नक्कीच सांगायला हवं होतं. कप्प्यावर ऑइल पेंटनं नंबर घातले, रंग पलीकडे फुटला, दोन फोनच्या कव्हरला पांढरे डाग.

दुपारी कप्प्याचा हूक भिंतीतून निघाला. मातीत बांधलेली जुनी भिंत, खिळा काय धरणार. चौदा फोन खाली. एकाच्या डिस्प्लेला आडवी चीर. पोरगा म्हणाला आत्ताच पडली, त्याच्या शेजारचा म्हणाला आधीपासून आहे. आमच्याकडे लिहिलेलं काहीच नाही. डिस्प्ले बदलायला १,४०० रुपये लागले, आम्ही चौघांनी वाटून दिले.

तेव्हापासून रजिस्टरमध्ये एक जास्तीचा रकाना आहे, "काच". पहिल्या दिवशी प्रत्येक फोनची काच बघून मॉनिटर लिहितो आणि फोनवाला सही करतो. चांगली, चीर, कोपरा फुटका. ५३ पैकी २६ आधीच फुटके निघाले.

१४ जुलै

कापड पुरे, लाकडी कपाट करायचं. गावातल्या सुतारमामांना बोलावलं. दहा उभ्या रांगा, सहा आडव्या, साठ खण, समोर दोन दारं, कडी-कोयंडा. एक पूर्ण आणि एक अर्धी प्लाय लागेल म्हणाले. खणाची रुंदी किती, हे मी माझा फोन काढून पट्टीनं मोजून सांगितलं. तीन इंच.

तालुक्याला हार्डवेअरच्या दुकानात हेडसरही सोबत होते. मी म्हणालो, "पाव किलो चुका द्या." हेडसर म्हणाले, "त्या आपल्याकडं आहेत की." दुकानदार हसला नाही, त्यानं हा विनोद रोज ऐकला असणार.

कमर्शियल प्लाय घेतली, स्वस्त पडते म्हणून. प्लाय, चुका, फेविकॉल, बिजागऱ्या मिळून ३,१५० रुपये. मजुरी ठरली १,८००. पैसे शिक्षकांच्या वर्गणीतून, हेडसरांनी हजार टाकले.

१९ जुलै, शनिवार

कपाट आलं. देखणं झालंय. सकाळची शाळा सुटल्यावर दहावीची पोरं बघायला थांबली. एकानं फोन खणात घालून बघितला. गेला नाही. दुसऱ्यानं घातला. तोही नाही.

माझा फोन जुना आणि लहान, आणि मी तो कव्हर काढून मोजला होता. पोरांचे फोन पावणेसात इंची, वरून जाड रबरी कव्हर, मागे अंगठी चिकटवलेली. कव्हरसकट फोन सव्वातीन इंच जागा खातो. सुतारमामांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

उभ्या फळ्या काढून आठ रांगा केल्या. साठाचे अठ्ठेचाळीस झाले. फळ्या काढताना तीन फुटल्या. वरची मजुरी ५०० आणि आठ दिवस गेले. बसच्या मुलींचा कापडी कप्पा होताच (त्याचा हूक आता खोलीच्या लाकडी तुळईत आहे), म्हणून संख्या कशीबशी बसली.

बनवणाऱ्यांनी एवढं एकच ध्यानात ठेवा : वर्गातला सगळ्यात मोठा फोन, कव्हरसकट, अंगठीसकट घ्या आणि त्याला घेऊनच सुताराकडे जा.

४ ऑगस्ट

कपाट आठवडाभर नीट चाललं. म्हणजे मला तसं वाटत होतं. खण भरतात, कुलूप लागतं, वर्ग शांत. मग शनिवारी नववीच्या वर्गात टाचणी पडेल अशा शांततेत कुणाच्या तरी दप्तरातून "हॅपी बर्थडे" वाजलं.

कपाट उघडून एकेक फोन चालू करून बघितला. सहा मेलेले. एकाची बॅटरीच नव्हती, एकात कव्हरच्या आत फोनच्या मापाचा लाकडी तुकडा होता. तुकडा व्यवस्थित पॉलिश पेपरनं घासलेला, कोपरे गोल केलेले. कुणाचा ते कळल्यावर त्याला बोललो थोडं, आणि सुतारमामांकडे सुट्टीत जायला सांगितलं, हात चांगला आहे त्याचा. आमच्याच कपाटाच्या फुटक्या फळीचा तुकडा निघाला.

नवा नियम. डब्यात टाकण्याआधी फोन चालू दाखवायचा आणि मॉनिटरसमोर बंद करायचा. दोन मिनिटं वाढली.

१३ ऑगस्ट

आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचा कुठंय?" खिशात होता.

स्टाफरूममध्ये यावर दोन दिवस वाद झाला. पोषण आहाराची माहिती रोज भरावी लागते, वरून कुठलाही तक्ता कधीही मागवतात आणि अर्ध्या तासात हवा असतो. हे सगळं खरं आहे. पण तासाला वर्गात जाताना तो न्यायलाच हवा असं त्यात काही नाही. शेवटी वरची एक रांग, आठ खण, शिक्षकांची केली. तासाला जाताना फोन खणात. मी धरून सहा जण ठेवतात. दोन जण ठेवत नाहीत, त्यांची नावं इथे लिहीत नाही, पोरांना माहीत आहेत.

त्याच बैठकीत मराठीच्या मॅडमनी दुसरा विषय काढला. आपण रात्री साडेनऊला ग्रुपवर गृहपाठाचा फोटो टाकतो आणि सकाळी म्हणतो फोन वाईट. २०२० च्या करोनात ही सवय लागली, शाळा उघडली तरी सुटली नाही. १८ ऑगस्टपासून गृहपाठ फळ्यावरच. ग्रुपवर फक्त सुट्टीची सूचना. मी दोनदा विसरलो, कारण टंकणं सोपं आणि खडूनं लिहिणं हाताला येतं.

आठवडाभरात जमा होणारे फोन ५३ वरून ४१ झाले. कुणाला काही सांगितलं नव्हतं.

२६ सप्टेंबर

यंदाचा पाऊस. काय लिहायचं. मराठवाड्यात पाऊस मागायची सवय, तो असा आला की सोयाबीन शेतातच कुजलं आणि नदीकाठच्या गावांत माती वाहून गेली. शाळा तीन दिवस बंद होती. आज उघडली तर कपाटाची खालची फळी फुगून पापडासारखी झालेली, दारं लागत नाहीत. छत गळलं होतं आणि स्वस्तातली प्लाय पाण्यापुढे टिकत नाही. खालची फळी बदलली, चार विटांवर कपाट चढवलं, आतून-बाहेरून तेलरंगाचे दोन हात. ९२० रुपये.

पाऊस सुरू झाला त्या दिवशी ओढ्याला पाणी आलं तेव्हा दुपारी दोनलाच सगळे फोन परत दिले होते. पलीकडच्या वाडीतली पोरं गावातच नातेवाइकांकडे राहिली, घरी कळवता आलं. म्हणून नियमात एक ओळ घातली : पाऊस जोरात असेल तर हेडसरांना न विचारता कपाट उघडायचं. किल्ली दोघांकडे, मी आणि शिपाईमामा.

९ ऑक्टोबर

फाटकावर एक बाई. लाडकी बहीणचं ई-केवायसी करायला सेवा केंद्रात बसली होती, ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर गेला, नवऱ्याचा फोन पोराकडे, पोराचा फोन आमच्या कपाटात आणि बंद. दहा मिनिटांत मुदत संपते त्याची. ती धापा टाकत आली, आम्ही खण उघडला, फोन चालू होईपर्यंत ओटीपी गेला. पुन्हा मागवला. तिनं आकडा तळहातावर बॉलपेननं लिहून घेतला आणि पळाली.

हे त्या आठवड्यात चारदा झालं. मग पालकांना निरोप धाडला की घरात एकच फोन असेल तर तो पोरासोबत पाठवूच नका, गाडी हुकली तर कळवायची जबाबदारी शाळेची, ऑफिसातून फोन लावून देऊ. मला वाटलं पोरं चिडतील. पोरं नाही, बाया खूश झाल्या. दिवसा फोन त्यांच्या हातात राहू लागला. दिवाळीच्या सुट्टीआधी आकडा २९.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर शाळा भरली आणि आकडा परत ४४. नुसता वाढला नाही, जमा करायलाच नकार. नववीतली एक मुलगी, कधी मोठ्यानं न बोलणारी, फोन छातीशी धरून उभी. "मी नाही देणार, सर."

मॉनिटरनं तक्रार केली. मीही आवाज चढवला, हे लिहायलाच पाहिजे. मग शिपाईमामांनी मला बाजूला घेतलं. "सर, तिचे आईबाप परवा कारखान्याला गेले."

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर खाली कर्नाटकात. यंदा गाळप १ नोव्हेंबरला सुरू झालं. लहान लेकरं सोबत जातात, नववी-दहावीची मागे राहतात आजीजवळ. आई-बाप पहाटे अंधारात फडात, दुपारी ट्रॉली भरेपर्यंत मान वर नाही. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, लाइट नाही, ट्रॅक्टरवाल्याकडे फोन चार्ज होतो तेव्हा. आईचा फोन येतो तो दीड-दोनच्या सुमाराला, गाडी भरून निघाली की. नेमका आमच्या कपाटाच्या वेळेला.

जूनच्या १३२ चिठ्ठ्यांत हे कारण एकदाही आलं नव्हतं. येणार कसं, जूनमध्ये सगळे घरीच असतात. मी याच जिल्ह्यात जन्मलो, वर्गातली निम्मी हजेरी दरवर्षी नोव्हेंबरात कशी बदलते ते बघतो, आणि पाहणी जूनमध्ये केली.

मुलीला फोन ठेवू दिला. दुसऱ्या दिवशी अजून अकरा जणांनी तेच सांगितलं. त्यांतल्या तिघांचे आई-बाप गावातच होते.

२४ नोव्हेंबर

बरेच दिवस वाद. सूट द्यावी तर कपाट मोडतं, न द्यावी तर कोणत्या तोंडानं. तोडगा मराठीच्या मॅडमचा. शाळेनंच एक फोन घ्यायचा. बटणांचा, साधा. १,३५० रुपये, रिचार्ज महिन्याला दोनशेच्या आत. नंबर प्रत्येक टोळीच्या मुकादमाला आणि आई-बापांना कळवला. वेळ दुपारी सव्वा ते अडीच. फोन आला की ऑफिसाबाहेर बसलेला मॉनिटर लेकराला बोलावून आणतो. मधली सुट्टी असो की तास, अडवायचं नाही.

पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला. नावं सारखी. "पूजाला द्या" म्हटलं की तीन पूजा. आता आधी गाव, मग बापाचं नाव विचारतो. दुसरं, फोन टेबलाच्या आत ठेवला की रेंज जाते. खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलाय, तिथे दोन कांड्या येतात.

आज त्या नववीच्या मुलीच्या आईचा आला. मी तिथेच वही तपासत होतो, उठून जावं तर दार तिच्या मागे. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती आणि नखानं चुन्याचा पोपडा काढत होती. "हां. खाल्लं. आज्जी बरीय. न्हाई, थंडी न्हाई... तुला हाय का?" मग बराच वेळ नुसतं "हां, हां". फोन ठेवला, मला म्हणाली, "सर, बॅटरी संपली तिची." भिंतीवर हाताएवढा डाग झालाय. बाकीच्यांचेही होणार, चुना काढून तिथे रंग द्यावा लागेल.

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःचा फोन आणला नाही. आजीजवळ ठेवते म्हणाली.

१९ डिसेंबर

आकडा २३. कपाटाचे बरेच खण रिकामे. पोरींनी त्यांत एसटीचे पास ठेवायला सुरुवात केली, पोरांनी काय काय. शिक्षकांच्या रांगेत कुणीतरी बोरं ठेवली होती.

आतापर्यंतचा खर्च जोडला. कापडी कप्पे ७००, टेम्पो ६००, डिस्प्ले १,४००, सामान ३,१५०, मजुरी दोन्ही मिळून २,३००, पावसानंतरची दुरुस्ती ९२०, फोन १,३५०. दहा हजार चारशे वीस. आधीच मोठा फोन घेऊन सुताराकडे गेलो असतो, पाण्याला टिकणारी प्लाय घेतली असती आणि कापडाच्या नादी लागलो नसतो, तर साडेसहा-सात हजारांत झालं असतं.

रात्रीच्या मोबाइलचं काय, हे पालक अजून विचारतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं सुरू केलं, ते आम्ही ग्रामसभेत सांगितलं. आमच्याकडे देवळाची घंटा वाजवून बघितली. नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी घंटा वाजवणाराच क्रिकेट बघत बसला. तो विषय माझ्या आवाक्यातला नाही.

१५ जानेवारी २०२६

काल संक्रांत, शाळेला सुट्टी. दहावीची परीक्षा २० फेब्रुवारीपासून, म्हणून मी आज लवकर आलो. ऑफिस उघडलं. गजाला बांधलेल्या फोनवर सतरा मिस्ड कॉल. सगळे कालचे, दुपारी एक ते चारमधले. सणाला फडावरून केलेले.

एकेकाला परत लावले. पाच लागले, बाकी बंद.

फोन सुट्टीच्या दिवशी कुणाच्या घरी न्यायचा याची पाळी आज लावली. पहिला रविवार माझा.